रुंद पाऊल आणि डोंगरवाटेचा जोडा

पायांतील जोडा हा विषय आपल्याकडे फारसा प्रतिष्ठित मानला जात नाहीं. जोडा उंबरठ्याबाहेर राहतो, आणि त्याचा विचारहि बहुधा तेथेंच राहतो. एखादें लुगडें घ्यावयाचें झालें तर आपण चार दुकानें पालथीं घालतों. चष्मा घ्यावयाचा तर आधीं डोळे तपासून घेतों. परंतु जोडा घेतांना मात्र दुकानदारानें ‘नंबर किती?’ म्हणून विचारावें आणि आपण ‘आठ’ म्हणून सांगावें, एवढ्यावर काम भागतें. सपाट रस्त्यानें चालणाऱ्याचें यानें कसेंबसें निभावतें. परंतु डोंगरवाटेनें धावणाऱ्याचें, आणि त्यांतहि ज्याचें पाऊल रुंद आहे त्याचें, या एका आंकड्यानें निभावत नाहीं. तें कां निभावत नाहीं आणि त्यानें काय करावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

डोंगरवाटेनें धावणें, ज्याला इंग्रजी नांवानें ‘ट्रेल रनिंग’ म्हणतात, तो छंद आतां आपल्या शहरांतून रुजला आहे. ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांत तर त्याला लागणारी जमीन दाराशींच आहे. शीळफाट्याचेंच उदाहरण घ्या. मुंब्र्याकडून पनवेलकडे जाणारा जुना पुणें रस्ता, कल्याणहून येणारा रस्ता आणि महाप्याकडे जाणारा रस्ता जेथें मिळतात, तें हें गजबजलेलें नाकें. मालमोटारींची रीघ तेथें क्षणभर थांबत नाहीं. परंतु मान वर करून पाहिलें तर पश्चिमेस पारसिकच्या डोंगराची रांग मुंब्र्यापासून बेलापूरपर्यंत पसरलेली आहे, आणि पूर्वेच्या अंगाला मलंगगड आहे. या बाजूला पहांटे धावावयास निघालेल्या माणसाच्या पायाखालीं तासाभरांत किती तऱ्हेची जमीन येते पाहा: आधीं डांबर आणि काँक्रीट, मग मुरूम, मग सुटे दगड, पावसाळ्यांत भातखाचरांच्या बांधांवरचा चिखल, आणि अखेरीस शेवाळलेला काळा पाषाण. इतक्या जमिनींवर एकाच जोड्यानें साथ द्यावयाची, तर तो पायाला नीट बसलेला असणें ही पहिली अट होय.

आतां पाऊल रुंद असणें हा कांहीं शरीराचा दोष नव्हे. पावलाची मूळची घडणच अशी आहे कीं टांचेकडून बोटांकडे तें पंख्याप्रमाणें उलगडत जावें. अंगाचा भार आला कीं चवडा पसरतो, आणि त्या पसरण्यानेंच तोल सांभाळला जातो. अमेरिकन सैन्यांतील एडवर्ड मन्सन या वैद्यकीय अधिकाऱ्यानें सुमारें दोन हजार सैनिकांचीं पावलें तपासून १९१२ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सैनिकाचें पाऊल मोजावयाचें तें त्याच्या पाठीवर ओझें देऊन, असा त्याचा आग्रह होता. कारण मोकळें पाऊल आणि भाराखालचें पाऊल यांचें माप एक नसतें. त्याच्या कामावरून सैन्याच्या बुटांचा सांचा, ज्याला आपले चर्मकार कलबूत म्हणतात, पुढच्या अंगानें रुंद करण्यांत आला. अनवाणी वावरणाऱ्या लोकांचा चवडा तर आणखीच पसरट असतो. दक्षिण भारतांतील जन्मभर अनवाणी चालणाऱ्या लोकांची पाहणी कांहीं बेल्जियन संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केली. जोडे वापरणाऱ्यांपेक्षां त्यांचीं पावलें पुढच्या भागीं रुंद असून शरीराचा भार तळव्यावर अधिक सारखा वाटला जातो, असें तींत दिसून आलें.

आपल्या मुलखांतील धावपटूंना हें कोणी शिकवावें लागलें नाहीं. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारे शेतकरी पाहूनच सर दोराबजी टाटा यांच्या मनानें हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याचें घेतलें. त्या पहिल्या चमूंत बेळगांवकडचे फडेप्पा चौगुले होते, आणि १९२० सालीं अँटवर्प येथील मॅरेथॉनमध्यें ते एकोणिसावे आले. पुढें १९६० सालीं रोम येथें इथिओपियाचा अबेबे बिकिला हा नव्या जोड्यांनीं पायाला फोड येऊं लागले म्हणून ते टाकून अनवाणी धावला आणि पहिला आला. चार वर्षांनीं टोकियोला त्यानें पुन्हां पहिला क्रमांक मिळविला, तो मात्र जोडे घालून. यावरून आपणहि पारसिकच्या कड्याखालीं अनवाणी धावावें, असें कोणीं समजूं नये. तेथें सुटे दगड आहेत, कांटे आहेत आणि सहलीस येणाऱ्यांनीं फोडलेल्या बाटल्यांच्या कांचाहि आहेत. बोध घ्यावयाचा तो एवढाच कीं न बसणाऱ्या जोड्यापेक्षां जोडा नसलेलाहि परवडतो.

मग आपल्या पायाला बसणारा जोडा सहसा मिळत कां नाहीं? याचें उत्तर मापाच्या इतिहासांत आहे. आपण जो नंबर सांगतों तो इंग्रजी पद्धतीचा. त्या पद्धतींत एका नंबराची पायरी म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, अर्थात् इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारें साडेआठ मिलिमीटर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतहि जवाचें माप आहे. आठ यवमध्यांचें एक अंगुल, असें तेथें सांगितलें आहे. गंमत अशी कीं आपल्याकडे जवाचा दाणा आडवा मोजला आणि इंग्रजांनीं तो उभा मोजला. त्यामुळें नंबर पावलाची लांबी सांगतो. रुंदीविषयीं तो मुका असतो. आणि ज्या सांच्यांवर हे जोडे बेततात, ते सांचे मुळांत दुसऱ्या देशांतील पावलांचे.

चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या अवधींत देशांतील ७९ ठिकाणीं एक लाखाहून अधिक लोकांचीं पावलें यंत्रानें मोजलीं. भारतीयांचें पाऊल सर्वसाधारणपणें युरोपियन आणि अमेरिकन लोकांच्या पावलापेक्षां रुंद असतें, असा निष्कर्ष त्या मोजणींतून निघाला, आणि त्यावरून ‘भा’ या नांवाची आठ गटांची नवी मापपद्धति सुचविण्यांत आली. याच मोजणीनें आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलें: रुंद जोडा मिळत नाहीं म्हणून पुष्कळ लोक लांब जोडा घालतात.

श्रोतेहो, रुंद पावलाच्या माणसाची खरी फसगत होते ती येथें. सातचा जोडा आवळतो म्हणून तो आठचा घेतो. त्यानें लांबी साडेआठ मिलिमीटरनें वाढते. रुंदी मात्र त्या मानानें फारच थोडी वाढते. चवड्याला थोडा आराम वाटतो, पण टांच सैल होते. चढणीवर हें कळून येत नाहीं. उतरणीवर मात्र प्रत्येक पावलागणिक पाय जोड्यांत पुढें सरकतो, बोटें टोंकावर आपटतात आणि नखाखालीं रक्त सांकळून नख काळें पडतें. शिवाय जोडा वांकण्याची जी जागा तळांत ठरवून दिलेली असते ती आपल्या चवड्याच्या सांध्यापुढें जाऊन पडते. मग पाय एका ठिकाणीं वांकूं पाहतो आणि जोडा दुसऱ्या ठिकाणीं. पुढें निघालेलें जादा टोंक दगडाला अडकून माणूस तोंडावर पडतो तें वेगळेंच. असा चार-दोनदां पडलेला किंवा कुरुपांनीं बेजार झालेला माणूस ‘आपले पायच धावण्याचे नव्हेत’ असें म्हणून घरीं बसतो. पायांचा यांत कांहीं अपराध नसतो. अपराध असतो तो अर्ध्या मापाचा.

तेव्हां पुरें माप कसें घ्यावें तें सांगतों. दिवसभरांत पाऊल थोडें सुजतें, म्हणून माप संध्याकाळीं घ्यावें. धावतांना जे पायमोजे घालावयाचे तेच घालून कोऱ्या कागदावर दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभें राहावें, आणि दुसऱ्या कोणाकडून पेन्सिल अगदीं उभी धरवून पावलाची कड काढवून घ्यावी. दोन्ही पावलें काढावीं. तीं क्वचितच सारखीं असतात, आणि जोडा घ्यावयाचा तो मोठ्या पावलाच्या मापानें. मग कागदावर लांबी मोजावी, आणि अंगठ्याच्या सांध्यापासून करंगळीच्या सांध्यापर्यंत रुंदीहि मोजावी. हा कागद दुकानांत बरोबर न्यावा. जोड्याच्या आंतली सुटी गादी बाहेर काढून त्या चित्रावर ठेवावी. चित्र गादीच्या कडेबाहेर गेलें, तर दुकानदार कांहींहि म्हणो, तो जोडा आपला नव्हे. ‘वापरून सैल होईल’ हें आश्वासन कातड्याच्या काळांतलें आहे. कातडें पायाच्या वळणानें सैल होई. आजचें कृत्रिम कापड आणि त्यावर डकवलेल्या पट्ट्या तशा सैल होत नाहींत.

जोडा पायांत घातल्यावर तीन गोष्टी पाहाव्या. सर्वांत लांब बोटापुढें हाताच्या अंगठ्याएवढी जागा राहावी. चवड्याशीं बोटें पसरून हलवितां यावीं. आणि टांच मात्र घट्ट बसावी. पुढें मोकळा आणि मागें घट्ट, हें सूत्र ध्यानांत ठेवावें. दुकानांत एखादी पायरी किंवा उतरण असेल तर तीवरून उतरून पाहावें. सपाट फरशीवर जोड्याचा दोष उघड होत नाहीं.

कांहीं कंपन्या, उदाहरणार्थ न्यू बॅलन्स, एकाच नंबराचा जोडा निरनिराळ्या रुंदींत काढतात. पुरुषांच्या जोड्यांत ‘डी’ ही नेहमींची रुंदी, ‘टू-ई’ ही रुंद आणि ‘फोर-ई’ ही फार रुंद. स्त्रियांच्या जोड्यांत नेहमींची रुंदी ‘बी’ असते आणि ‘डी’ला रुंद म्हणतात. म्हणून रुंद पावलाच्या बाईनें आपल्या लांबीचा पुरुषांचा जोडा घालून पाहण्यांत संकोच मानूं नये. स्त्रियांनीं आणखी एक ध्यानांत ठेवावें. गरोदरपणांत पावलाची कमान थोडी बसून पाऊल लांबूं शकतें, आणि तो बदल पुढें तसाच राहूं शकतो. अमेरिकेंत २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत असें आढळलें आहे. तेव्हां लग्नापूर्वींच्या नंबरावर विसंबून राहूं नये. मधुमेहाच्या माणसानें तर विशेष जपावें. संवेदना मंद झाली असली तर घट्ट जोडा लागत आहे हें जखम होईपर्यंत त्याला कळत नाहीं.

आतां टिकाऊपणाविषयीं. टिकाऊ जोडा म्हणजे जाड, जड जोडा, अशी एक समजूत आहे. वास्तविक रुंद पावलाचा जोडा बहुधा झिजून मरत नाहीं. तो करंगळीच्या सांध्यापाशीं फाटून मरतो, कारण तेथें पाऊल त्याला रोज आंतून ढकलीत असतें. म्हणजे नीट बसणारा जोडाच अधिक टिकतो. सुख आणि टिकाऊपणा या येथें दोन गोष्टी नाहींत. तळाच्या रबरी खुंटांची उंची आपल्या जमिनीप्रमाणें निवडावी. नुसत्या चिखलासाठीं सहा मिलिमीटर किंवा अधिक उंच खुंट चांगले. परंतु शीळफाट्यासारख्या ठिकाणीं, जेथें डांबरावरून डोंगराशीं जावें लागतें, तेथें चार मिलिमीटरच्या आसपासचे बरे. फार उंच आणि मऊ खुंट डांबरावर लवकर झिजतात. ओल्या पाषाणावर मात्र मऊ रबरच पकड देतें. शेवाळावर कोणत्याच रबराचा भरंवसा धरूं नये, तेथें चालावें.

आंतून पाणरोधक अस्तर असलेला महाग जोडा कोंकणच्या पावसांत फारसा उपयोगी नाहीं. पाणी घोट्यावरून आंत शिरतें आणि मग तें अस्तर त्याला बाहेर जाऊं देत नाहीं. त्यापेक्षां पाणी झरून जाईल असें जाळीदार कापड पत्करावें. घरीं आल्यावर चिखल धुवून, गादी काढून, आंत वर्तमानपत्राचे बोळे घालून जोडा सावलींत वाऱ्यावर वाळवावा. कडक उन्हांत किंवा चुलीपाशीं ठेवल्यास तळ चिकटविण्याची खळ सुटूं लागते. कापड उसवलें तर नाक्यावरचा चर्मकार तें उत्तम शिवून देतो. परंतु पांचशें ते आठशें किलोमीटर धावल्यावर मधला मऊ थर दबून निर्जीव होतो; वरून जोडा नवा दिसत असला तरी मग तो बाजारहाटासाठीं ठेवावा.

जोडा घरीं असतांच चवड्याशीं थोडा आवळत असेल, तर सर्वांत खालच्या भोकांतून नाडी ओंवूं नये. तेथें जरा मोकळीक मिळते. टांच सैल वाटत असेल तर सर्वांत वरच्या भोकांशीं नाडीचे दोन फांसे करून, टोंकें एकमेकांच्या फांशांतून नेऊन मग गांठ मारावी. यानें किरकोळ फरक निभावतात. मोठा फरक असेल तर जोडा परत करणें हाच उपाय.

भारतीय पावलांच्या मापानें बेतलेले जोडे गल्लोगल्लीं मिळूं लागतील तो दिवस चांगलाच. तोंवर एक कोरा कागद आणि एक पेन्सिल प्रत्येक घरीं आहे. येत्या पावसाळ्यापूर्वीं घरांतील सर्वांचीं पावलें एकदां त्यावर काढून पाहा, आणि शेजारीं त्यांच्या नित्याच्या जोड्यांच्या गाद्या ठेवा. कोणाचा जोडा कोठें दुखवीत होता, हें त्या कागदावर दिसेल.