कोणावाचून कोणाचे अडते?

(शिक्षक आणि अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



दहावी-बारावीचे निकाल लागले की गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. खूप मोठे व्हा, गावाचे नाव काढा, असे व्यासपीठावरून सांगितले जाते. मोठे होणे म्हणजे काय, हे मात्र कोणी सांगत नाही. ते सर्वांना ठाऊकच आहे असे गृहीत धरलेले असते. गावातून तालुक्याला, तालुक्याहून पुण्या-मुंबईला, जमल्यास तेथून परदेशी, अशी ती वाट आहे. या यशात निंद्य असे काही नाही. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हातातोंडाची गाठ पडली नाही, त्या घरातील मुलाने नोकरीला लागून आईच्या डोक्यावर पक्के छप्पर घातले, तर त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार खाऊनपिऊन सुखी असलेल्या कोणालाही पोहोचत नाही. समाजवादी चळवळीतही असा एक सूर अधूनमधून लागत आलेला आहे. तो सोडून दिलेला बरा.

प्रश्न निराळाच आहे. यश माणसाला आपल्यापुरते मिळवता येते, मोजता येते आणि मिरवताही येते. दुसऱ्याच्या लेखी आपले मोल काय, हे मात्र आपल्याला ठरवता येत नाही. ते त्या दुसऱ्याच्या आयुष्यात जाऊनच पाहावे लागते. आपल्या बोलीत भांडताना विचारतात, ‘तुझ्यावाचून कोणाचे अडले आहे?’ हिणवण्यासाठी विचारलेला हा प्रश्न गंभीरपणे स्वतःला विचारला, तर अनेक यशस्वी माणसांची अडचण होईल. उद्या ती जागेवर नसली तर त्यांच्या खुर्चीवर दुसरा कोणी बसेल, इतकेच घडेल.

या दृष्टीने ताराबाई मोडक यांच्या चरित्राकडे पाहण्यासारखे आहे. ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. मुलींनी प्राथमिक शाळा पुरी करणे ही जेव्हा मोठी मजल समजली जाई, त्या काळातील ही गोष्ट. पुढे राजकोट येथे स्त्रियांच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद त्यांच्याकडे आले. मान, वेतन आणि स्थैर्य हे तिन्ही त्या पदाला होते, आणि आजच्या भाषेत ज्याला ‘करिअर’ म्हणतात ते तेथेच सुखाने पुरे करता आले असते. ते सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालशिक्षणाच्या प्रयोगात सामील झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शहरी मध्यमवर्गाच्या मुलांसाठी हे काम उत्तम चालले, तरी ताराबाईंना ते अपुरे वाटू लागले. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या ठाणे जिल्ह्यातील समुद्रकाठच्या बोर्डी गावी आल्या. पुण्यात शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताई लहानपणीच विधवा झालेल्या, आणि हट्टाने शिकलेल्या.

बोर्डीत पहिली ठेच लागली ती बालवाडीच्या उंबरठ्यावर. हरिजन वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. शहरातल्या शिक्षणतज्ज्ञाने यावर पालकांच्या अज्ञानाविषयी एक लेख लिहिला असता. ताराबाईंनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन मांडली. ‘अंगणवाडी’ या शब्दाचा उगम हा असा आहे. माँटेसरीचे महागडे साहित्य तेथे परवडणारे नव्हते, तेव्हा शिंपले, खडे, बिया आणि झाडांची पाने हीच साधने झाली. मुलांना न्हाऊमाखू घालणे, त्यांची नखे कापणे हादेखील अभ्यासक्रमाचाच भाग ठरला.

१९५७ साली हे काम कोसबादच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले, तेव्हा अडचणीचे रूप बदलले. वारली मूल गुरे राखायला जाई. ते आळसाने शाळा बुडवीत नव्हते; त्याच्या राखणीवर घरातली चूल अवलंबून होती. म्हणून शिक्षकच कुरणात गेले आणि ‘कुरणशाळा’ सुरू झाली. (ज्या १९४५ साली ताराबाई बोर्डीला आल्या, त्याच साली त्याच टापूत गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता, हेही विसरता कामा नये. त्या उठावाने माणसाची मान वर केली नसती, तर शाळेची पाटी त्याला दिसली असती की नाही, याची शंका आहे. कोणत्या पक्षाने काय केले याचा हिशेब वेगळा ठेवून एवढे मान्य करायला हरकत नाही.)

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. म्हणजे यशानेही त्यांना ओळख दिलीच. पण ताराबाईंचे खरे कर्तृत्व त्याहून सूक्ष्म आहे. १९७३ साली त्या गेल्या, तेव्हा काम अडले नाही. अनुताईंनी ते आणखी जवळपास दोन दशके चालवले. आपल्यावाचून अडावे असे काम उभे करायचे, आणि मग आपल्यावाचून ते अडू नये अशी माणसे घडवायची, ही दुहेरी गोष्ट यशाच्या कोणत्याच मापात बसत नाही.

इथपर्यंतची कथा ऐकायला गोड आहे, आणि तेथेच धोका आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. आज देशात जवळपास १४ लाख अंगणवाड्या आहेत. शासनाने नाव घेतले आणि त्याबरोबर त्यागही घेतला. पण तो त्याग ताराबाईंचा होता. प्राचार्यपद हातात असलेल्या स्त्रीने ते स्वखुशीने सोडणे हा ध्येयवाद होय. जिच्या हाती सोडण्यासारखे काहीच नाही, अशा खेड्यातील स्त्रीला ‘तुमचे काम म्हणजे सेवा’ असे सांगून पगाराऐवजी मानधन देणे याला ध्येयवाद म्हणता येणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने हे मानधन वाढवले, तेव्हा ते सेविकेला महिना ४,५०० रुपये आणि मदतनिसाला २,२५० रुपये झाले. राज्ये त्यात आपली भर घालतात, तीही पुष्कळदा मोर्चे निघाल्यावर. ‘मानधन’ या शब्दातला मान भाषणांत उरला, आणि धनाचे काय झाले ते आकड्यांवरून दिसतेच.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातमधील सेविकांच्या खटल्यात निर्णय दिला की, १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो. त्यांचे काम अर्धवेळ आहे हा शासनाचा दावा न्यायालयाने मानला नाही. गरोदर स्त्रियांची नोंद, मुलांची वजने, पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, घरोघरच्या भेटी, ही यादी अर्धवेळाची नाही हे समजायला वास्तविक न्यायालयाची गरज पडू नये.

पुढे ४ डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातील सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या, आणि संप मिटेपर्यंत जानेवारी संपत आला. वेतनश्रेणी, ग्रॅच्युइटी आणि निवृत्तिवेतन या त्यांच्या मुख्य मागण्या होत्या. केंद्रांना कुलपे लागली आणि पाड्यावरच्या मुलाचा आहार थांबला. कोणावाचून कोणाचे अडते, याचा इतका उघड पुरावा क्वचितच मिळतो. त्या दिवसांत, ‘मुले उपाशी असताना यांना संप सुचतो कसा?’ असे अनेक सुखवस्तू घरांतून विचारले गेले. इतकी वर्षे ही मुले कोणाच्या जिवावर जेवली, हे त्यांना कधी विचारावेसे वाटले नव्हते.

गुणवंतांच्या सत्काराला ही बाई बहुधा येते. व्यासपीठावरच्या मुलाला तिनेच पहिल्यांदा वजनकाट्यावर बसवलेले असते, त्याचा हात धरून पाटीवर रेघ ओढून घेतलेली असते. ती मागच्या रांगेत बसते आणि भाषणे संपण्याआधीच उठते. त्या दिवसाची हजेरी आणि आहाराची नोंद तिला अजून मोबाइलवर भरायची असते, आणि सभामंडपात नेटवर्क मिळत नाही.