आरा धुऱ्यावर आला पाहिजे
(अंजनगाव सुर्जी येथे तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत झालेले भाषण)



कापसाचा भाव सोडून आज आम्ही लाकडावर बोलायला उभे राहिलो, याचे काहींना नवल वाटेल. विषय बदललेला नाही. माल आपला, भाव दुसऱ्याचा, तीच कथा इथेही आहे.

धुऱ्यावरची बाभूळ कशी विकली जाते ते आठवा. चैत्र-वैशाखात, बी-भरणाची सोय लावायची असते किंवा घरात लग्न निघालेले असते, अशा वेळी लाकडाचा व्यापारी वावरात येतो. झाडाभोवती एक फेरी मारतो, बुंध्यावर थाप मारतो, वर शेंड्याकडे पाहून तोंड वाकडे करतो आणि एक आकडा सांगतो. उक्ता. मोजमाप नाही, वजन नाही. आपण दोनशे-चारशे वाढवून मागतो, तो शंभर वाढवतो, सौदा झाला. वीस-पंचवीस वर्षे उभे असलेले झाड पाच मिनिटांत जाते. आठ दिवसांनी त्याच बाभळीची फळी परतवाड्याला घ्यायला जा, म्हणजे कळते की आपण काय विकले.

कापसात आपण एवढे भोळे नाही. क्विंटलभर कापसात तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट, हे शेंबडे पोरही सांगते. उतारा किती, रुईचा भाव काय, सरकी काय भावाने गेली, यावरून जिनवाल्याने किती घेतले याचा हिशेब आपण पारावर बसून मांडतो. लाकडालाही उतारा असतो. सरळ, निरोगी ओंडका नीट चिरला तर साधारण निम्मा ते साठ टक्के चिरीव माल निघतो. राहिलेल्यातल्या पाठी सरपणाला जातात, भुसाही विकला जातो. पण झाडाचा हिशेब पारावर कोणी मांडत नाही, कारण चिरकाम आपल्या डोळ्यांसमोर होत नाही. ते आरागिरणीच्या फाटकाआड होते.

मोजणीची गोष्ट ऐका, ही नीट समजून घ्या. बाजारात गोल लाकूड मोजतात ते चौथाई घेराने. ओंडक्याच्या मधोमध दोरी गुंडाळायची, त्या दोरीच्या चार घड्या करायच्या, त्या चौथ्या हिश्शाला त्यानेच गुणायचे आणि लांबीने गुणायचे. घेर चार फूट, लांबी दहा फूट असेल तर चौथाई एक फूट; एक गुणिले एक गुणिले दहा, म्हणजे दहा घनफूट. आता शाळेतल्या पोराला गोलाचे क्षेत्रफळ काढायला सांगा. तो सांगेल, या ओंडक्यात लाकूड आहे पावणेतेरा घनफूट, पैशाभराने कमीच. शंभरातले साडेएकवीस मोजणीतच गेले! जुना रिवाज असा की ही तूट चिरकामातल्या नासाडीपोटी धरायची. रिवाजाला आमची हरकत नाही, भाव त्या हिशेबाने ठरत असेल तर ठीक आहे. पण गोल लाकूड चौथाईने घ्यायचे, फळी पुऱ्या मापाने विकायची, आणि वर नासाडीचा भुसाही आपणच विकायचा, हा कोणता रिवाज? शिवाय घेर सालीखाली घ्यायचा, बुडखा मोठा असला तरी माप मधले, लांबीतले वरचे इंच सोडून द्यायचे. आणि हे सगळे झाड मोजले गेले तर. आपले झाड तर मोजलेच जात नाही.

मग आपण ओंडका स्वतः गिरणीवर का नेत नाही? इथून परतवाडा पंचवीस-तीस किलोमीटर. एकट्या बाभळीसाठी ट्रॅक्टर लावायचा, चढवा-उतरवायला माणसे लावायची, रस्त्यात कोणी कागद विचारला तर दिवस मोडायचा. एका झाडाला हे परवडत नाही. ज्याच्याकडे चाळीस धुऱ्यांची झाडे जमा होतात त्यालाच परवडते, म्हणजे व्यापाऱ्याला. लाकडाच्या धंद्यातली खरी मेख वाहतुकीत आहे. ओंडक्याचा निम्मा भाग सरपण आणि भुसा, तो वाहून न्यायचा कशाला? ओंडका आऱ्याकडे नेण्याऐवजी आरा ओंडक्याकडे आणला तर?

ही काही आमच्या डोक्यातून निघालेली कल्पना नाही. अमेरिकेत वुडमायझर कंपनीने १९८२ साली पट्टीचा फिरता आरा बाजारात आणला. गाडीमागे जोडून शेतात न्यायचा, ओंडका त्यावर चढवायचा, पट्टी ओंडक्यावरून फिरते आणि फळी पडते. पट्टी पातळ असल्याने भुशात लाकूड कमी जाते. साखळीच्या मशीनने फळी पाडली तर प्रत्येक कापात पाऊण-एक सेंटीमीटर लाकडाचा भुसा होतो. पट्टीच्या आऱ्यात त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. तिकडे एखादा शेतकरी असे यंत्र घेतो आणि पंचक्रोशीत फिरून चिराई करून देतो. लाकूड ज्याचे त्याचे, याला मजुरी मिळते.

आणि आपल्याकडे तरी हे नवे कुठे आहे? जुन्या जाणत्यांना विचारा. दोघे करवती गावात येत. खड्ड्यावर ओंडका आडवा टाकून एक वर, एक खाली, दिवसभर करवत ओढत. वखराला, तिफणीला, बंडीला लागणारे लाकूड वावरातच चिरले जाई. सुतार ते महिनोन्‌महिने पाण्यात बुडवून ठेवी, म्हणजे भुंगा लागत नसे. आरा धुऱ्यावरच होता. तो तिथून गेला कसा, हे पाहिले पाहिजे.

हातकरवतीला परवाना लागत नाही. कायद्याच्या भाषेत आरागिरणी म्हणजे विजेच्या किंवा यंत्राच्या जोरावर जिथे लाकूड चिरले जाते ती जागा. घाम गाळून चिरा, सरकार काही म्हणत नाही. इंजिन लावा, की तुम्ही आरागिरणीवाले झालात! सर्वोच्च न्यायालयात गोदावर्मन प्रकरण चालले. १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने देशभरच्या वृक्षतोडीला आळा बसला, आणि ४ मार्च १९९७ ला महाराष्ट्र व उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना आरागिरण्या तात्काळ बंद करण्याचा हुकूम झाला. २००२ साली नव्या परवान्याला केंद्रीय अधिकार समितीची संमती आवश्यक ठरली. २०१५ साली हा अधिकार राज्यपातळीवरच्या समित्यांकडे आला, २०१६ साली केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. समित्या बदलल्या, परवाना राहिला. आणि परवाना जागेला मिळतो. जे यंत्र आज एका धुऱ्यावर आणि उद्या दुसऱ्या गावात, त्याची जागा कोणती लिहायची?

नवे परवाने थांबले की जुन्या परवान्याची किंमत वाढते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. ज्याच्याकडे गिरणी होती त्याच्या दारात आपली झाडे स्वस्तात येऊन पडायला लागली. आपल्या कापसाचे एकाधिकार खरेदीत असेच झाले होते. १९७२ पासून कित्येक वर्षे कापूस पिकवायला मोकळीक होती, विकायला नव्हती.

आता दुसरी बाजूही मोकळेपणाने मांडतो. वनखाते म्हणते, फिरता आरा मोकळा सोडला तर तो उद्या जंगलात शिरेल. आपल्या तालुक्याच्या उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि मेळघाट आहे, सागाची चोरी ही काही कल्पना नाही. ही भीती आम्ही हसण्यावारी नेणार नाही. पण तिच्यावर इलाज आहे. यंत्राला क्रमांक द्या. कोणत्या दिवशी, कोणत्या गट नंबरात, कोणाचे झाड चिरले याची वही ठेवायला लावा. ग्रामपंचायतीला आधी सूचना द्यायला लावा. साग तर मुळात तोडायलाच परवानगी लागते, मग परवानगीने तोडलेला साग मालकाच्या वावरात चिरला तर चोरी कुठून आली? बाभूळ, निंब, सुबाभूळ तर १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीतही नाहीत. चोरासाठी केलेला कायदा चोराला कधी अडवत नाही, कारण चोर परवाना मागायला जातच नाही.

दिल्लीलाही हे अर्धेमुर्धे पटायला लागले आहे. बांबू शेतात लावला तर तो झाड नव्हे, हे १९२७ च्या वन कायद्यात मान्य व्हायला २०१७ साल उजाडले, नव्वद वर्षे! जून २०२५ मध्ये शेतजमिनीवरील वृक्षतोडीचे आदर्श नियम केंद्राने राज्यांकडे पाठवले. लागवडीची संगणकावर नोंद आणि तोडीची परवानगी सोपी, असा त्यांचा रोख आहे. तोड सोपी होईल ती होईल. चिराईबद्दल मात्र आपल्याला हवे ते त्यात नाही, आणि किंमत चिराईत बनते. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली, त्यात माजघरशेती होती. पिकाला घरीच पुढचे रूप द्यायचे. डाळ, पापड, मसाला आपण लगेच समजलो. झाडाची फळी हीसुद्धा माजघरशेतीच आहे, एवढेच की ती माजघरात मावत नाही.

कायदा बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे नाही. झाडकटाईचा धंदा आजही करता येतो. आम्ही काही जण तो करतो म्हणून चार गोष्टी सांगतो.

साखळीचे मशीन घेणे सोपे आहे, ते शंभर दिवस पुरवणे कठीण. पऱ्हाट्या उपटून झाल्यापासून मृगापर्यंतच वावरात गाडी जाते. पुढे काळ्या मातीत चाक रुततेच, आणि उभ्या पिकात झाड पाडू कोण देईल? तेव्हा मशीनची झीज, पेट्रोल, साखळ्या, दोन माणसांची मजुरी हे सगळे तीनशे पासष्ट दिवसांवर न वाटता त्या शंभर दिवसांवर वाटा आणि मग दर सांगा. कित्येक पोरे इथेच बुडतात. पेट्रोल सुटले की धंदा झाला असे समजतात. उरलेल्या दिवसांत संत्र्याच्या बागांतली सल काढण्याचे काम मिळते. तोडणी झाल्यावर वाळक्या फांद्या हिरव्यापर्यंत कापायच्या, कापाला बोर्डो मलम लावायचे. हे काम बारीक करवतीचे आहे, पण बागाईतदार त्याला पैसे देतो. गावठाणातली आणि शहरातली झाडेही असतात. मात्र नगरपरिषदेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे. तिथे वृक्ष प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय मशीन सुरू करू नका, मालक कितीही ओळखीचा असो. तारेजवळचे झाड असेल तर लाइन बंद करून घेतल्याशिवाय दोर बांधू नका.

धुऱ्याच्या झाडात तार आणि खिळे असतात. बाभळीत टॅनिन असल्याने लोखंडाच्या आसपास लाकूड काळेनिळे पडते. कापावर असा डाग दिसला की तिथेच थांबा, पुढे साखळी जाते आणि तुटली तर डोळाही जातो. शिरस्त्राण आणि जाळी न वापरणाऱ्या पोराला कामावर घेऊ नका.

आणि मुख्य म्हणजे झाड विकू नका, चिराई विकत घ्या. एका शिवारातल्या दहा-बारा जणांनी आपापली झाडे एकाच आठवड्यात पाडायची, ओंडक्यांवर रंगाने आपापली खूण घालायची, वाहतुकीचा कागद लागतो का हे वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी विचारून घ्यायचे, आणि परवानाधारक गिरणीवर मजुरीने चिरून फळ्या परत आणायच्या. ट्रॅक्टरचे भाडे दहा जणांत वाटले की परवडते. पाठी आणि भुसासुद्धा मागून घ्या, तो तुमचा आहे. मेळघाटाकडच्या कोरकू भावांसाठी वेगळे आहे. आदिवासी खातेदाराच्या झाडांच्या विक्रीला १९६९ चा कायदा लागू आहे, त्यांनी व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करू नये.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकाने दोरी आणि टेप घेऊन आपल्या धुऱ्यावरच्या पाच झाडांचे घेर लिहून आणायचे आहेत, छातीच्या उंचीवर, इंचात. सोबत सातबारा आणा, झाडांची नोंद आहे का ते पाहता येईल. नोंद नसेल तर तलाठ्याकडे करायच्या अर्जाचा नमुना त्याच दिवशी मिळेल. फिरत्या आऱ्याच्या मागणीचे निवेदन राज्यपातळीवरच्या समितीकडे जायचे आहे, आणि त्याला या घेरांची यादी जोडायची आहे.