ओल्या पुसण्यांतील द्रव्ये आणि तान्ह्या मुलांची त्वचा



ज्या वस्तूचा स्पर्श तान्ह्या मुलाच्या त्वचेला दिवसातून अनेकदा आणि महिनोन्महिने होत राहतो, ती कोणत्या द्रव्यांची बनली आहे याची खातरजमा करून घेणे हा केवळ गिऱ्हाइकाच्या चोखंदळपणाचा प्रश्न नसून, आईबाप, वैद्यकव्यवसायी आणि कायद्याची अंमलबजावणी ज्यांच्याकडे सोपवलेली आहे ते सरकारी अंमलदार या सर्वांचे ते समाईक कर्तव्य आहे, अशी माझी धारणा आहे. आणि म्हणूनच ‘बेबी वाइप्स’ या नावाने शहरांतून, आणि आता तालुक्याच्या गावांतूनही, विकल्या जाणाऱ्या ओल्या पुसण्यांचा विषय आज आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

जुन्या धोतराची मऊ फडकी आणि कोमट पाणी एवढ्या सामग्रीवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. ते फडके वापरून झाले की धुतले जाई आणि उन्हात वाळे. बाजारातल्या पुसण्याची गोष्ट निराळी आहे. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन, व्हिस्कोस अशा तंतूंपासून न विणता तयार केलेले हे कापड पाकिटात महिनोन्महिने ओले ठेवावे लागते. त्यातील ओलाव्याचा फार मोठा हिस्सा निव्वळ पाण्याचा असतो. उरलेल्या अल्पांशात मळ सुटावा म्हणून थोडे सौम्य साबणासारखे द्रव्य, त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरीन किंवा तत्सम काही, आम्लता नेमकी राहावी म्हणून सायट्रिक आम्ल, बहुधा सुगंध, आणि शेवटी जंतूंची वाढ रोखणारे परिरक्षक येते. या शेवटच्या घटकाचे प्रमाण अत्यल्प असले तरी आजच्या विषयाचा गाभा त्यातच आहे.

परिरक्षक मुळी नकोच, असे म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओले कापड, बंद पाकीट आणि घरातली ऊब हे तिन्ही एकत्र आले की जंतूंना दुसरे काही लागत नाही. २०१४ साली अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात तयार झालेली आणि निरनिराळ्या नावांनी दुकानांत पोचलेली बेबी वाइप्स परत मागवावी लागली, कारण त्यांत बर्कहोल्डेरिया सेपेशिया नावाचा जंतू आढळला होता. निरोगी माणसाला तो सहसा उपद्रव करीत नाही, परंतु ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे किंवा ज्यांना फुप्फुसांचा जुना विकार आहे त्यांच्या जिवावर तो बेतू शकतो. तेव्हा परिरक्षक हवेच. प्रश्न एवढाच की ते कोणते, किती, आणि त्वचेवर किती वेळ राहणारे.

या प्रश्नाचे उत्तर देताना शास्त्र, उद्योग आणि लोकमत या तिघांचेही पाऊल कसे चुकले, ती हकिगत मी थोड्या विस्ताराने सांगतो, कारण तिच्याइतका बोधप्रद दाखला या विषयात दुसरा मला ठाऊक नाही. पॅराबेन नावाची परिरक्षके कित्येक दशके वापरात होती. २००४ साली स्तनाच्या अर्बुदांत त्यांचे अंश सापडल्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला; या द्रव्यांनी ते अर्बुद झाले असे त्यातून सिद्ध होत नव्हते, तरीही लोकांच्या मनात भयाने घर केले आणि ‘पॅराबेनविरहित’ ही अक्षरे पाकिटांवर मोठ्या ठशात झळकू लागली. पॅराबेन काढले म्हणजे त्याच्या जागी दुसरे काही घालणे प्राप्तच होते. ती जागा पुष्कळ अंशी मिथाइलआयसोथायझोलिनोन या द्रव्याने घेतली.

हे द्रव्य नवे नव्हते. आपल्या क्लोरीनयुक्त भावंडाबरोबर मिश्रणाच्या रूपाने ते १९८० नंतरच्या दशकातच प्रचारात आले होते, आणि त्या मिश्रणाला युरोपात दर दशलक्ष भागांत १५ भाग एवढीच मुभा होती. त्या पंधरा भागांतही याचा वाटा सुमारे चारच भागांचा. दोघांपैकी अॅलर्जी उत्पन्न करण्याचा दोष मुख्यतः त्या भावंडाचा, असा समज असल्यामुळे २००५ साली याला एकट्याने वापरण्याची परवानगी मिळाली. पण एकटे असता त्याची जंतुनाशक शक्ती कमी पडते, म्हणून मर्यादा दशलक्ष भागांत १०० भागांपर्यंत वाढवण्यात आली. म्हणजे ज्या द्रव्याचे चार भाग त्वचेवर येत होते, त्याचेच शंभर भाग, सुमारे पंचवीसपट, येऊ शकतील अशी तजवीज कायद्यानेच करून ठेवली, आणि तीही तान्ह्या मुलांच्या वस्तूंना वेगळे न काढता!

परिणाम दिसू लागावयास काही वर्षे गेली. २०१३ साली अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने या द्रव्याला त्या वर्षीचा प्रमुख अॅलर्जीकारक पदार्थ म्हणून जाहीर केले. २०१४ च्या जानेवारीत ‘पीडिअॅट्रिक्स’ या मासिकात मेरी वू चांग आणि राधिका नाकराणी या दोघींनी कनेक्टिकट राज्यातील सहा मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्या मुलांना तोंडाभोवती, हातांवर किंवा गुदभागाभोवती चट्टे उठले होते. एक्झिमा, इम्पेटिगो, सोरायसिस अशा निरनिराळ्या निदानांखाली असे चट्टे सहज मोडतात, आणि मग मलमांवर मलमे होत राहतात. येथे संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून पाहण्याच्या चाचणीने (पॅच टेस्टने) खरे कारण कळले आणि ओली पुसणी बंद करताच मुलांना लवकर आराम पडला. पाळण्यातल्या मुलाचे लंगोट सुटले तरी पुढे हातातोंडासाठी तेच पाकीट घरात चालू राहते, आणि वापर करणाऱ्या आईच्या बोटांनाही तोच उपसर्ग होऊ शकतो, याकडे वैद्यांचे लक्ष त्या लेखाने वेधले.

युरोपातील वैज्ञानिक समितीने २०१३ च्या अखेरीस स्पष्ट मत दिले की त्वचेवर तसेच राहू द्यावयाच्या उत्पादनांत या द्रव्याचे कोणतेही प्रमाण सुरक्षित असल्याचे दाखवता आलेले नाही. त्याप्रमाणे २०१६ साली कायदा झाला आणि फेब्रुवारी २०१७ पासून अशा उत्पादनांतून, ओल्या पुसण्यांसकट, त्याला बंदी झाली. परवानगी आणि बंदी यांच्यामध्ये बारा वर्षे गेली.

त्या निर्णयात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्याचे तत्त्व. साबण अंगावर क्षणभर राहतो आणि पाण्याबरोबर जातो; पुसण्यातील द्रव मात्र मागे त्वचेवर राहतो, आणि वर घट्ट लंगोट किंवा डायपर आला की त्या झाकलेल्या, ओलसर, कित्येकदा आधीच सोललेल्या जागेतून त्याचा शिरकाव अधिक होतो. याच विचाराने युरोपने २०१४ साली तीन वर्षांखालील मुलांच्या लंगोटाच्या जागी लावून ठेवावयाच्या उत्पादनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेन मना केले; इतरत्र त्यांना ठरलेल्या मर्यादेत मुभा राहिली. फिनॉक्सिएथेनॉल या आणखी एका परिरक्षकाच्या बाबतीत तज्ज्ञांचे एकमत नाही: २०१२ साली फ्रान्सच्या औषध खात्याने लंगोटाच्या जागी ते टाळावे असे सुचवले, तर २०१६ साली युरोपीय समितीने एक टक्क्यापर्यंत ते मुलांनाही सुरक्षित ठरवले. माझा कल अशा ठिकाणी सावधगिरीकडे आहे.

सुगंधाविषयी मात्र माझे मत निःसंदिग्ध आहे. मुलाला सुगंधाची गरज नाही, आणि पाकिटावरील त्या एका शब्दाखाली अनेक द्रव्ये दडलेली असू शकतात, ज्यांपैकी काही अॅलर्जी आणणारी म्हणून ज्ञात आहेत.

आता दुसरी बाजू. जन्मतः मुलाच्या त्वचेचा सामू (पीएच) उदासीनतेच्या जवळ असतो आणि पुढील काही आठवड्यांत तो आम्लतेकडे झुकतो. ही आम्लताच तिचे संरक्षण असते. लंगोटाखाली मात्र मूत्रातील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात, सामू वर जातो, आणि मलातील पाचकरसांना त्वचा पोखरण्यास जोर येतो. नीट बनवलेले, किंचित आम्लधर्मी पुसणे येथे उपकारकही ठरू शकते. मँचेस्टर येथे २८० नवजात मुलांवर झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, त्वचेतील ओलावा टिकण्याच्या बाबतीत एक विशिष्ट पुसणे कापूस आणि पाणी यांच्या तोडीचे ठरले. त्या चाचणीचा खर्च उत्पादकाने केला होता, हे वाचकाने विसरू नये. तसे म्हणून तिचा निष्कर्ष फेटाळण्याचेही कारण नाही. उलट २०१८ साली, पुसण्यांमुळे अन्नाची अॅलर्जी होते अशी वार्ता जगभर पसरली. तिचे मूळ त्वचेत जन्मजात दोष असलेल्या उंदरांवरील प्रयोगात होते.

आपल्या देशात १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या व्याख्येत शरीर स्वच्छ करण्यासाठी अंगाला चोळावयाच्या वस्तू येतात, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे घटकांची यादी छापणे बंधनकारक आहे. एक टक्क्यापर्यंतचे घटक यादीच्या अखेरीस कोणत्याही क्रमाने देण्याची मुभा असल्याने परिरक्षके तेथेच, आणि बहुधा अतिसूक्ष्म टाइपात, सापडतात. अंमलबजावणीची गती काय असते, हे मुलुंडच्या एका कारखान्यातील बाळाच्या पावडरीच्या प्रकरणात दिसले. डिसेंबर २०१८ मध्ये घेतलेल्या नमुन्यांवरून, सामू प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणास्तव, सप्टेंबर २०२२ मध्ये परवाना रद्द झाला, आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विलंबावर बोट ठेवून ते हुकूम रद्दबातल केले. दोष खरा असेल तर त्या सर्व वर्षांत मुले असुरक्षित राहिली. खरा नसेल तर कारखानदारावर अन्याय झाला.

म्हणून मी विनंती करतो की घरी असताना कोमट पाणी आणि मऊ, स्वच्छ धुतलेले सुती फडके हाच नित्याचा परिपाठ ठेवावा आणि ओली पुसणी प्रवासासाठी राखून, सुगंधविरहित घ्यावीत. तोंडाभोवती किंवा लंगोटाच्या जागी उठलेला चट्टा औषधानेही हटत नसेल तर सर्व पुसणी काही आठवडे बंद ठेवून पाकीट बरोबर घेऊनच डॉक्टरांकडे जावे. डॉक्टरांनी असा चट्टा पाहताच पुसण्यांची चौकशी करावी. आणि सरकारने पुसण्यांवरील सर्व घटकांची यादी वाचता येईल अशा टाइपात आणि मराठीतही छापण्याची सक्ती करून, लंगोटाच्या जागी वापरावयाच्या उत्पादनांसाठी स्वतंत्र मर्यादा ठरवाव्यात.