तलावाच्या फाटकाबाहेर



आपल्या गावात नगरपरिषदेचा जलतरण तलाव होणार, हे आता नक्की झाले आहे. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, शेजारी लहानांसाठी उथळ टाकी. पाण्यावर, फरशीवर, बायकांची बॅच कधी ठेवावी यावर गावात भरपूर बोलून झाले. माझी नोकरी नगररचनेच्या कामात गेली, म्हणून मी आज फाटकाबाहेरच्या जागेविषयी बोलणार आहे. गाड्या कुठे लावायच्या हा प्रश्न आपल्याकडे सगळ्यात शेवटी निघतो, आणि तोवर बहुधा दोनच उत्तरे उरलेली असतात: झाड तोडा, नाहीतर रस्त्यावर लावा.

पण जागा किती लागेल हे ठरवायचे कशावरून? नाट्यगृहाची आसने मोजता येतात, रुग्णालयाच्या खाटा मोजता येतात. तलावात मोजायचे काय? अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. २०२५च्या फेब्रुवारीत ते वारले. पार्किंग हा विषय त्यांनी जन्मभर धरून ठेवला आणि २००५ साली ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ हा जाडजूड ग्रंथ लिहिला. तिथल्या शहरांच्या नियमावल्या धुंडाळताना त्यांना तलावासाठीचा एक नियम सापडला. दर २,५०० गॅलन पाण्यामागे एका मोटारीची जागा! म्हणजे सुमारे साडेनऊ हजार लिटरला एक मोटार.

हा नियम आपल्या तलावाला लावून बघा. सरासरी दीड मीटर खोली धरली तर पाणी होते पावणेपाच लाख लिटरच्या आसपास, आणि मोटारी होतात ५०. उघड्यावर एका मोटारीला, वळायच्या वाटेसकट, साधारण २३ चौरस मीटर जागा धरतात. ५० मोटारींना ११५० चौरस मीटर. आपला तलाव आहे ३१२ चौरस मीटरचा. उद्या कोणी तो तीन मीटर खोल करायचा म्हटला, तर पोहणारा एकही वाढणार नाही, पण मोटारी होतील १००. पाणी मोटारीतून येत नाही, माणूस येतो. म्हणून माणूस मोजायचा आणि तो किती वाजता येतो ते मोजायचे. माझे म्हणणे एवढेच आहे, पण ते मला फार महत्त्वाचे वाटते.

तलाव चालतो बॅचवर. समजा एका बॅचला ६० जण, त्यांपैकी ३० दुचाकीवर आणि पाच मोटारीतून. पण फाटकाशी खरी गर्दी असते ती बॅच सुटताना. आतले अजून अंग पुसत असतात आणि पुढचे टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर उभे असतात. त्या पाव तासात ६० दुचाक्या आणि दहा मोटारी एकदमच आल्या. दुचाकीला वाटेसकट तीन चौरस मीटर धरले, तर ६० दुचाक्यांना १८० आणि दहा मोटारींना २३०. नीट ऐका, दहा मोटारींना ६० दुचाक्यांहून जास्त जागा. आता पाऊण तासाच्या दोन बॅचमध्ये २० मिनिटे मोकळी सोडा. आधीचे निघून जातात, मग पुढचे येतात, आणि जागा जवळपास निम्मी पुरते. त्या २० मिनिटांत पाण्यातला क्लोरीनही तपासून होतो. वेळापत्रक नीट आखले, तर दोनशे चौरस मीटर जमीन वाचते.

आता ऋतूचे. मे महिन्यात तलाव ओसंडतो आणि पावसाळा लागला की नियमाने येणारे तेवढे उरतात. मेच्या गर्दीसाठी कायमची फरसबंदी करायची का? मी म्हणतो, नको. मेमध्ये शाळांना सुट्टी असते, मैदाने रिकामी असतात. नियोजित जागेसमोरच शाळा आहे. तिच्याशी दोन महिन्यांचा लेखी करार करावा, तोंडी नको. नेहमीच्या दिवसाला पुरेल एवढीच जागा आपली बांधावी आणि तिथली कडुलिंबाची झाडे तशीच राहू द्यावीत.

लहान मुलांच्या बॅचला आलेली आई परत घरी जात नाही. पाऊण तासासाठी कुठे जा-ये करणार? ती गाडी साइड स्टँडला लावते आणि तिच्यावरच बसून राहते, कारण दुसरीकडे बसायची सोयच नसते. तिला सावलीत बाक द्या; गाड्या आपोआप ओळीत लागतील.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. अपंगांच्या गाडीची जागा ३.६ मीटर रुंद आणि दारापासून ३० मीटरच्या आत हवी. आणि तलावाच्या काठापासून रस्त्यापर्यंत एक वाट रुग्णवाहिकेसाठी कायम मोकळी हवी. बुडालेल्या माणसाच्या मेंदूला चार-सहा मिनिटे प्राणवायू मिळाला नाही, तर कायमची इजा होते. त्या वाटेवर ‘दोन मिनिटांसाठी’ म्हणून लावलेली मोटारसुद्धा मला चालणार नाही.

मी पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून. अनवाणी चालत गेलो होतो. दर उन्हाळ्यात विहिरीत, नदीत पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात, आणि सार्वजनिक तलाव आधी त्या पोरांसाठी असतो. ती चालत किंवा सायकलवर येणार. एका शहरातल्या तलावावर मोटारी दाराशी आणि सायकली मागे पंपघराच्या आडोशाला, अशी मांडणी होती. तिथून माझ्या भाचीची सायकल चोरीला गेली. त्या उन्हाळ्यात तिचे पोहणे तिथेच थांबले. तेव्हापासून कुठलाही नकाशा हातात आला की मी आधी सायकलींची जागा शोधतो. आपल्या तलावावर ती तिकीट खिडकीसमोर, वॉचमनच्या नजरेत, वर पत्रा घालून असावी. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात. मोटारी मागे जाऊ देत, त्यांना चार पावले चालण्याचे ओझे नाही.

मी आज सांगितलेले ६०, ३०, पाच हे आकडे धरलेले आहेत, मोजलेले नाहीत. ते मोजायला हवेत. शेजारच्या तालुक्याच्या तलावावर मी येत्या रविवारी पहाटे साडेपाचला वही-पेन्सिल घेऊन जाणार आहे, आणि पुन्हा बुधवारी, कारण सुट्टीच्या दिवसावरून आठवड्याचा अंदाज येत नाही. कोण चालत आले, कोण कशावर आले, किती वेळ थांबले, एवढेच लिहायचे. मला आणखी तीन माणसे हवीत. ज्यांना जमेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर इथे पुढे, व्यासपीठापाशी थांबावे.