पैनगंगेच्या पाण्याचा करार झाला, माणसांचा राहिला



मला 'महामारी आणि शेजारधर्म' हा विषय दिला आहे. शेजाऱ्याच्या हक्कांबद्दल इथे बसलेले उलेमा माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं बोलतील. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. त्यामुळे मी फक्त एवढंच बघतो, की दोन शेजारी सरकारांमध्ये संकटाच्या आधी काय ठरलेलं असतं आणि काय ठरवायचं राहून जातं.

२४ मार्च २०२० च्या रात्री लॉकडाऊन जाहीर झाला. त्याच आठवड्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पोलिसांनी दोन कंटेनर ट्रक तपासले. आत तीनशेहून जास्त मजूर कोंबून बसले होते. तेलंगणातून राजस्थानला, आपल्या घरी निघालेले. जीवनावश्यक मालाला रस्ता मोकळा होता, माणसाला नव्हता. म्हणून माणसं माल होऊन निघाली.

योगायोग बघा, त्याच २४ मार्चला आफ्रिकेत, मोझांबिकच्या तेते प्रांतात, मलावीकडून आलेल्या एका ट्रकचा कंटेनर उघडला गेला. आत ६४ मृतदेह होते, इथिओपियाच्या लोकांचे. ते लॉकडाऊनमुळे घडलं नव्हतं. कामाच्या शोधात चोरवाटेने जाणाऱ्यांचं ते तिथलं जुनं दुखणं आहे. पण कंटेनर तोच.

आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या १६ देशांची सॅडेक नावाची संघटना आहे. एप्रिल २०२० च्या सुरुवातीलाच या देशांनी सीमेपलीकडच्या मालवाहतुकीसाठी समान नियम मान्य केले. गरीब देश, वेगवेगळ्या भाषा, तरी इतक्या लवकर एक कागद तयार झाला. कारण एकत्र बसायची जागा आधीपासून होती. तरीही सीमांवर ट्रकच्या रांगा लागल्याच, हेही सांगायला हवं. आणि माणसांसाठी काय झालं? दक्षिण आफ्रिकेने झिम्बाब्वेच्या सीमेवर, बाइटब्रिजजवळ, सुमारे ४० किलोमीटरचं कुंपण घातलं.

आता आपल्या पैनगंगेवर या. पलीकडे आदिलाबाद, अलीकडे पांढरकवडा, पाटणबोरी. कोलाम आणि गोंड बांधवांची गावं दोन्ही काठांवर आहेत. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मुख्यमंत्र्यांनी मुंबईत सिंचनाच्या करारावर सह्या केल्या. त्यात चनाखा-कोरटा बंधारा होता. चनाखा आपल्याकडे, कोरटा त्यांच्याकडे. म्हणजे पाण्यासाठी ही दोन राज्यं एका टेबलावर बसू शकतात. चार वर्षांनी त्याच नदीच्या पुलावर माणसं अडकली, तेव्हा त्यांच्यासाठी असं काहीच ठरलेलं नव्हतं.

२९ एप्रिलला केंद्राने मजुरांना जायची परवानगी दिली, पण दोन्ही राज्यांनी आपसात सहमती करावी, असं म्हटलं. त्या दिवसांत मी काही मजुरांचे अर्ज भरून देत होतो. एकाच माणसाची तीच माहिती दोन पोर्टलवर दोनदा टाकायची, आणि नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलं की अर्ज परत. आमच्या धंद्यात दोन कंपन्यांची सॉफ्टवेअर एकमेकांशी रोज बोलतात, ते काही अवघड काम नाही. फक्त आधी ठरवावं लागतं. पुढे १९ मेला, रेल्वेसाठी पोहोचण्याच्या राज्याची संमती घ्यायची अट काढून टाकली गेली. म्हणजे तीन आठवडे लोक ज्या अटीपायी थांबले, तिच्यावाचूनही गाड्या चालू शकत होत्या.

ताऊनच्या वेळची हजरत उमर (रजि.) यांची हकीकत आपण सगळ्यांनी ऐकली आहे. साथीची बातमी कळली आणि ते शामच्या वाटेवरून परत फिरले, एवढंच आपण सांगतो. परत फिरण्याआधी सरघ या ठिकाणी थांबून त्यांनी मुहाजिर, अन्सार आणि कुरैशचे बुजुर्ग, अशा तीन गटांशी वेगवेगळा मशवरा केला होता. मला त्या गोष्टीतला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

तर आपली मागणी साधी आहे. यवतमाळ आणि आदिलाबादच्या प्रशासनाने वर्षातून एकदा तरी एकत्र बसावं. साथ आली तर कुठल्या बाजूचा रुग्ण कुठल्या दवाखान्यात जाईल, पुलावर अडकलेल्यांच्या जेवणाची आणि निवाऱ्याची जबाबदारी कोणाची, मजुराचा कुठला एक कागद दोन्हीकडे चालेल, हे लिहून ठेवावं. परराज्यात नेलेल्या मजुरांची नोंद ठेवण्याचा कायदा १९७९ सालीच झाला होता. नोंद असती तर मार्चमध्ये कोण कुठे आहे, हे विचारत फिरावं लागलं नसतं.

कागदाचं म्हणाल तर २६ ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम आहे. बारा आकडी नंबर, देशभर तोच. त्याने सगळं सुटेल असं मी म्हणत नाही, पण नाव यादीत असणं ही पहिली पायरी आहे. वय १६ ते ५९, पीएफ किंवा ईएसआयसी नसलेलं कोणीही, मग तो वीटभट्टीवाला असो, कापूस वेचणारी बाई असो की हमाल, नोंद करू शकतं. जुहरच्या नमाजनंतर बाहेर दोन लॅपटॉप मांडले आहेत. आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल आणि बँकेचं पासबुक घेऊन या. वस्तीतल्या कोलाम आणि बंजारा शेजाऱ्यांनाही सोबत आणा, आम्ही अंधार पडेपर्यंत बसणार आहोत.