चाचणी कोठे करावी, आणि त्याआधी

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावर आनंदाचे विषय बोलावेत असा संकेत आहे. आजचा विषय त्या संकेतात बसत नाही. परंतु गेल्या काही वर्षांत पालकसभा संपल्यावर, बाकीचे पालक निघून गेले की, दाराशी रेंगाळणारी एखादी आई किंवा वडील जो प्रश्न खालच्या आवाजात विचारतात, तो या महोत्सवाच्या निमित्ताने तरी मोठ्याने विचारला जावा. प्रश्न असा असतो : ‘मूल काही घेते आहे का, हे तपासून देणारी जागा दिल्लीत कोठे आहे?’

प्रश्नाचा शब्दन्‌शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. ‘मुलाला काय झाले आहे’ असे कोणी विचारत नाही. ‘तपासून देणारी जागा’ विचारतात. दप्तरात जळकी चांदी सापडलेली असते, किंवा पंक्चरच्या सोल्यूशनची पिळलेली नळी, किंवा अभ्यासाच्या मेजावर महिन्याभरात संपू नयेत इतक्या व्हाइटनरच्या बाटल्या. मुलाला विचारण्याचे धैर्य होत नाही, आणि विचारले तरी उत्तरावर विश्वास बसत नाही. मग वाटते की विज्ञानालाच विचारावे. कागदावर लिहून येईल, आहे किंवा नाही.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ १९१९ साली रंगभूमीवर आले. दिल्लीतल्या मराठी मंडळींनाही ते परके नाही. त्या नाटकातल्या सिंधूला कोणतीही चाचणी करावी लागली नाही. सुधाकराचा तोल, त्याची वाणी, घरातली एकेक वस्तू नाहीशी होणे, यातून सारे उघड होत होते. दारू लपत नाही, अशी त्या पिढीची खात्री होती. आजच्या पालकांची अडचण अशी की त्यांच्या मुलांच्या वाट्याला आलेल्या अनेक पदार्थांना ना तसा वास, ना तशी झिंग. गोळी औषधाच्याच पाकिटात असते. व्हाइटनर तर शालेय साहित्याच्या यादीतच असते.

ही भीती अनाठायी आहे काय? केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने, म्हणजे आपल्या ‘एम्स’ने, दोन लाखांहून अधिक घरांत जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात सुमारे सोळा कोटी लोक मद्यपान करतात, हा त्यातला आकडा वर्तमानपत्रांनी ठळक छापला. शाळेच्या दृष्टीने महत्त्वाचा आकडा आतल्या पानांत होता. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे थिनर, व्हाइटनर, सोल्यूशन, हा एकच प्रकार असा आढळला की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत जास्त आहे : प्रौढांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. मदतीची गरज असलेली अशी मुले संख्येने जास्त असलेल्या राज्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, महाराष्ट्र, दिल्ली आणि हरियाणा यांची नावे होती. राजधानी परिसरातल्या मराठी कुटुंबाने या यादीकडे नीट पाहावे. राहते गाव, शेजारची दोन्ही राज्ये आणि आजोळ, चारही त्यात आहेत.

आता चाचणीविषयी. खासगी प्रयोगशाळांची केंद्रे दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद सगळीकडे आहेत. काही घरी येऊन नमुना नेतात. औषधाच्या दुकानात आणि ऑनलाइन लघवी-तपासणीची पट्टी मिळते. पट्टीवर रेघ उमटते किंवा उमटत नाही, आणि पाच मिनिटांत घराला निकाल मिळाल्यासारखे वाटते. हा निकाल किती कच्चा असतो, हे सांगणे हाच या भाषणाचा निम्मा हेतू आहे.

पहिली गोष्ट कालावधीची. मद्य रक्तातून तासागणिक उतरत जाते. रात्री घेतलेल्याचा माग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत श्वासात उरेलच असे नाही. अफूपासून झालेले पदार्थ, ज्यात दिल्लीत ‘स्मॅक’ म्हणून विकला जाणारा गर्दही आला, लघवीत साधारण दोन-तीन दिवस दिसतात. गांजा-चरस एखाद्या वेळी ओढला तर तीन-चार दिवस, आणि रोज ओढणाऱ्यात महिनाभरही. म्हणजे पंधरा दिवसांपूर्वी सोडलेला मुलगा दोषी ठरू शकतो आणि चार दिवसांपूर्वी स्मॅक घेतलेला निर्दोष.

दुसरी गोष्ट पट्टीला जे कळतच नाही त्याची. नेहमीच्या पाच किंवा दहा पदार्थांच्या चाचणीत व्हाइटनर आणि थिनर नसतात. त्यांतल्या टोल्युइनचा माग काढायला वेगळी तपासणी लागते आणि ती सर्रास होत नाही. ज्या व्यसनाची शाळकरी वयात सर्वांत जास्त धास्ती, त्याविषयी ही पट्टी मुकी आहे! ‘निगेटिव्ह’ आले म्हणून पेढे वाटणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवलेले बरे.

तिसरी गोष्ट आपल्या स्वयंपाकघराची. खसखस ही अफूच्याच झाडाची बी. दिवाळीचे अनारसे, हिवाळ्यातले डिंकाचे लाडू, वाटणातली खसखस, यांतून मॉर्फिनचा अंश लघवीत उतरू शकतो. हा विनोद नव्हे. याच कारणासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ मध्ये नोकरदारांच्या चाचणीतली मॉर्फिनची मर्यादा ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेली. कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि सर्दीच्या काही गोळ्यासुद्धा रेघ उमटवतात. होळीला थंडाईतून भांग पोटात गेली, तर चाचणी भांग आणि चरस यांत फरक करत नाही. उत्तर प्रदेशात तीच भांग सरकारमान्य दुकानात मिळते. म्हणून पट्टीचा किंवा प्राथमिक तपासणीचा ‘पॉझिटिव्ह’ हा निष्कर्ष मानता येत नाही. त्यानंतर गॅस किंवा लिक्विड क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री या पद्धतीने खातरजमा करावी लागते. प्रयोगशाळा निवडताना तिला त्या चाचणीसाठी एनएबीएलची मान्यता आहे का, आणि ती खातरजमा स्वतः करते की नमुना दुसरीकडे पाठवते, हे दोन प्रश्न विचारावेत. जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळची राष्ट्रीय डोप चाचणी प्रयोगशाळा ही खेळाडूंच्या नमुन्यांसाठी आहे. नावावरून तिकडे धाव घेऊ नये.

मोठ्यांच्या चाचण्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. वाहनचालकासाठी मोटार वाहन कायद्याने रक्ताच्या शंभर मिलिलिटरमध्ये तीस मिलिग्रॅम मद्य ही मर्यादा घातली आहे आणि पोलीस श्वासावरून ती तपासतात. वैमानिकांची उड्डाणापूर्वी श्वासचाचणी होते. तेथे दुसऱ्याच्या जिवाचा प्रश्न आहे, नियम आधी माहीत आहेत आणि माणूस सज्ञान आहे. घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला ‘रक्त कमी आहे का ते बघायचे आहे’ असे सांगून नमुना देणे, ही तशी चाचणी नव्हे. ती फसवणूक आहे, आणि अहवाल काहीही आला तरी मुलीला ती कळतेच. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने घरच्या घरी अशी तपासणी करू नये असे सांगितले आहे, आणि शाळांतून सरसकट चाचण्या घेण्यालाही विरोध केला आहे. तेथे सुमारे शहात्तर हजार विद्यार्थ्यांची माहिती तपासून २००३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या शाळांमधील व्यसनाच्या प्रमाणात फरक आढळला नव्हता. ‘शाळेनेच सर्वांची तपासणी का करू नये’ असे सुचवणाऱ्या पालकांचा हेतू चांगला असतो, पण शाळेने ते करू नये.

येथे शाळांनाही आपला दोष मान्य करावा लागेल. मुलाच्या हातात दाखला ठेवला की प्रश्न सुटला, असे मानण्याची सवय आपल्या व्यवसायाला फार जुनी आहे. प्रश्न सुटत नाही. तो शेजारच्या शाळेत जातो, किंवा रस्त्यावर. शिक्षकाला वर्गात दिसणाऱ्या खुणा, म्हणजे ओठांभोवतीचे पुरळ, बाहीला रंगाचा वास, अचानक घसरलेले गुण, बदललेली मित्रमंडळी, या कार्यालयात नोंदवण्याआधी पालकाच्या कानी जाव्यात, आणि तेही आरोपाच्या सुरात नव्हे.

मग जावे कोठे? ‘चाचणी करणारी जागा’ नव्हे, तर ‘जेथे चाचणी हा उपचाराचा एक भाग आहे अशी जागा’ शोधावी. राजधानी परिसराचे भाग्य असे की देशातली या विषयातली अग्रगण्य संस्था येथेच आहे. १९८८ मध्ये दिल्लीच्या दीनदयाळ उपाध्याय रुग्णालयात ‘एम्स’ने सुरू केलेले व्यसनोपचार केंद्र २००३ मध्ये गाझियाबादच्या कमला नेहरू नगरात स्वतःच्या इमारतीत गेले. तेच आजचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र. बाह्यरुग्ण विभाग, दाखल होण्याची सोय आणि नमुन्यांची स्वतंत्र प्रयोगशाळा एकाच आवारात आहेत. यमुनेच्या अलीकडच्यांसाठी राममनोहर लोहिया रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि पूर्व दिल्लीत दिलशाद गार्डनला ‘इहबास’ आहे. घराबाहेर पाऊल टाकण्याआधी नुसते बोलायचे असेल तर सामाजिक न्याय मंत्रालयाची १४४४६ ही व्यसनमुक्ती साहाय्यवाहिनी आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ ही ‘टेली-मानस’ सेवा आहे, दोन्ही निःशुल्क.

जवळच्या ‘नशामुक्ती केंद्रा’च्या भिंतीवरच्या जाहिरातीने मात्र सावध व्हावे. रात्री गाडी पाठवून मुलाला उचलून नेऊ, असे सांगणारी केंद्रे या परिसरात आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांशी निगडित अवस्थांचा समावेश मानसिक आजारांत केला आहे. अशा केंद्राला नोंदणी हवी, आणि रुग्णाला साखळीने बांधण्याला स्पष्ट मनाई आहे. अल्पवयीन मुलाला दाखल करायचे तर तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासणे आणि त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवणे बंधनकारक आहे. नोंदणीचा कागद मागावा. तो दाखवायला टाळाटाळ झाली की पालकाने परत फिरावे.

पुष्कळांची पावले पोलिसांच्या भीतीने अडतात. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातच, कलम ६४-अ मध्ये, स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणातील पदार्थाबाबत खटल्यापासून संरक्षण दिलेले आहे. उपचारातील माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क २०१७ च्या कायद्याने दिला. उलट मुलाला मद्य किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याचा रोख मुलाकडे नाही, विकणाऱ्याकडे आहे.

पुण्याच्या मुक्तांगणची आठवण येथे अपरिहार्य आहे. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्याविषयी लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदतीचा हात पुढे केला, आणि डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते केंद्र उभे केले. तेथे व्यसनी माणसाला ‘गुन्हेगार’ न म्हणता ‘रुग्णमित्र’ म्हणण्याची रीत रुळली, आणि कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले गेले. सुधाकराने शपथ घेतली आणि मोडली; त्याच्या काळी शपथेपलीकडे काही उपाय ठाऊकच नव्हता. आज औषधे आहेत, समुपदेशन आहे, आणि घसरणे हा आजाराचाच एक भाग आहे ही समजही आहे. तरीही २०१९ च्या त्याच अहवालानुसार मद्यावर अवलंबून असलेल्या अडतीस जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतो.

दोन धोके मात्र प्रत्येक घराला माहीत हवेत, आणि त्यांत वेळ दवडता येत नाही. हुंगण्याचा पदार्थ घेत असताना मूल सापडले, तर ओरडू नये, पाठलाग करू नये. त्या क्षणी दचकणे आणि धावणे यांनी हृदयाची लय बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो. शांतपणे खिडकी उघडावी, त्याला बसवावे. दुसरे, वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या प्रौढाला खोलीत कोंडून एकाएकी दारू तोडू नये; दोन-तीन दिवसांत झटके आणि भ्रम यांनी जीव धोक्यात येतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायचे.

आणखी एक गोष्ट, कदाचित केवळ या शाळेच्या पालकांपुरती. घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, असे ज्यांचे बालपण गेले, त्या मुलांना या पदार्थांची नावे मराठीत ठाऊकच नसतात. ती त्यांनी गल्लीत, मेट्रोच्या पुलाखाली, हिंदीत ऐकलेली असतात. आजी-आजोबांसमोर घरच्या भाषेत ते शब्द तोंडातून निघत नाहीत, आणि पालक त्याला लपवाछपवी समजतात. गाझियाबादच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर हिंदीत विचारतात आणि मूल पहिल्यांदा सांगू लागते, यात पालकांनी कमीपणा मानू नये.

तेथे सकाळी लवकर पोहोचावे. नोंदणीची रांग मोठी असते. ओळखपत्र आणि आधीच्या औषधांच्या चिठ्ठ्या बरोबर असाव्यात, खोकल्याच्या औषधाचीसुद्धा. नमुना कशासाठी घेतला जातो आहे हे मुलाला आधी घरीच सांगितलेले असावे. डॉक्टर थोडा वेळ मुलाशी एकट्याने बोलू इच्छितील. तेव्हा आई-वडिलांनी आग्रह न धरता उठून बाहेरच्या बाकावर बसावे, आणि तो बाहेर आल्यावर ‘काय सांगितलेस’ असे न विचारता त्याला चहा घ्यायचा आहे का, एवढेच विचारावे.