जागच्या जागी : संगणकावरील चित्रकाराचे मेज

(हीरक महोत्सवात महाराजपूर, जबलपूर येथे झालेल्या भाषणाचा पाठ)



ही स्मरणिका साठ वर्षांपूर्वी निघाली असती, तर तिचे प्रत्येक अक्षर छापखान्यातील जुळाऱ्याने हाताने उचलले असते. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो खिळे लागत. तरीही त्याची नजर खिळ्यांच्या केसीवर नसे. ती समोरच्या हस्तलिखितावर असे. प्रत्येक खिळ्याचा खण ठरलेला होता आणि तो बोटांना ठाऊक होता. छपाई झाल्यावर खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकावे लागत. त्यात हयगय झाली, की पुढच्या मजकुरात भलतेच अक्षर उमटे.

आज संगणकावर चित्र काढणाऱ्या मुलांपुढे तीच अडचण निराळ्या वेषात उभी आहे. क्रिता, गिंप, फोटोशॉप यांसारख्या प्रणालींत चित्राचा कागद मध्यभागी असतो; रंग, कुंचले आणि लेयर यांची पॅनेल कडेला बसविलेली असतात. पेन किंवा माऊस पॅनेलच्या शीर्षपट्टीवर पडून ओढला गेला, की ते पॅनेल कडेपासून सुटते आणि चित्रावर तरंगू लागते. परत बसवायला जावे, तर ते दुसऱ्याच पॅनेलच्या पोटात शिरते. मुलाची चित्रकलेची घटका अशा शोधाशोधीत सरते आणि वर त्यालाच धांदरट म्हटले जाते. हा अन्याय आहे.

जबलपूरचे चित्रकार ब्योहार राममनोहर सिंहा यांनी भारताच्या राज्यघटनेतील उद्देशिकेचे पृष्ठ सजविले. ते पृष्ठ या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सारी नक्षी चौकटीत राहते आणि मधली जागा शब्दांसाठी मोकळी सुटते. पडद्यावरही कडेने कडेचे काम करावे, मध्य चित्राला सोडावा. गिंपमध्ये पूर्वी साधने वेगवेगळ्या खिडक्यांत विखुरलेली असत. 2012 च्या 2.8 आवृत्तीत सारे एकाच खिडकीत मांडण्याची सोय आली, आणि 2018 च्या 2.10 पासून तीच मूळ मांडणी झाली.

पॅनेल जागेवर ठेवण्याचे उपाय अवघड नाहीत. क्रितामध्ये त्यांना डॉकर म्हणतात. तेथे सेटिंग्ज यादीतून डॉकरांच्या शीर्षपट्ट्या लपविता येतात. पट्टीच नसेल, तर चुकून धरून ओढण्याजोगे काही उरत नाही. गिंपमध्ये प्रत्येक टॅबच्या यादीत तो टॅब डॉकला कुलूपबंद करण्याचा पर्याय आहे. फोटोशॉपमध्ये विंडो यादीतील वर्कस्पेसखाली संपूर्ण मांडणीच कुलूपबंद करता येते.

मात्र कुलूप घालण्याची घाई नको. आधी काही दिवस काम करून हात कोठे जातो ते पाहावे. डावखुऱ्या मुलाने पेनने थेट पडद्यावर चित्र काढताना पॅनेल उजवीकडे ठेवली, तर दर वेळी त्याचा हात स्वतःच्याच चित्रावरून ओलांडून जातो. त्याच्यासाठी ती डावीकडे हवीत. पुष्कळ ठिकाणी त्याला हे कोणी सांगतच नाही.

घरात किंवा शाळेत एकच संगणक अनेकांच्या हाताखाली असेल, तर कुलूपही पुरत नाही. नंतर बसणारा ते सहज काढतो. अशा वेळी क्रिता आणि फोटोशॉप यांत मांडणी वर्कस्पेस म्हणून नाव देऊन साठवावी, आणि ते नाव मुलाचेच असावे. पॅनेल कितीही विस्कटली, तरी क्रितात यादीतून नाव निवडताच आणि फोटोशॉपमध्ये त्या नावाचे वर्कस्पेस रीसेट करताच ज्याची त्याची मांडणी परत येते. प्रोजेक्टर जोडल्यामुळे पडद्याचा आकार बदलून पॅनेल सरकतात, तेव्हाही हाच उपाय.

पालकांसाठी आणखी एक. 'सगळेच नाहीसे झाले' अशी हाक घरातून आली, तर दुरुस्ती करणाऱ्याला बोलावण्यापूर्वी चित्रावर एकदा क्लिक करून टॅब ही कळ दाबून पाहावी. या तिन्ही प्रणालींत मुळात ती कळ पॅनेल लपविते आणि पुन्हा दाबल्यावर दाखविते. पुष्कळदा लहान भावंडाचे बोट तिच्यावर पडलेले असते.